घरच्या व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरसाठी प्रोसेसर: कोअर मोजायचे की वॅट?

निवांतनोड (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

घरात चोवीस तास चालणारा छोटा सर्व्हर उभा करायचा आहे. हायपरव्हायजर (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) प्रॉक्समॉक्स, एवढं नक्की. त्यावर चालवायचं ते असं: होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळायला), जेलीफिन (घरचा व्हिडिओ सर्व्हर; एका वेळी जास्तीत जास्त तीन ट्रान्सकोड, म्हणजे व्हिडिओची रूपांतरं), चार ३.५ इंची डिस्कवर झेडएफएस फाइल सिस्टिम, ओपीएनसेन्स फायरवॉल, अधूनमधून लागणारी एक विंडोज ११ व्हीएम, आणि क्युबरनेटिस (अनेक मशीनवर कंटेनर चालवण्याची प्रणाली) शिकण्यासाठी तीन-चार लिनक्स व्हीएम. रॅम ६४ जीबी तरी हवी असं गणित निघतंय.

प्रोसेसरचे चार पर्याय समोर आहेत:

इंटेल एन१००चा मिनी बोर्ड
इंटेल आय५-१२४०० किंवा १३५००
एएमडी रायझन ५ ५६००जी किंवा रायझन ७ ५७००एक्स
वापरलेला झिऑन ई५-२६८० व्ही४, १४ कोअर २८ थ्रेड

कागदावर झिऑन बाकीच्यांना खाऊन टाकतो. मग सगळे नको का म्हणतात? ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी) खरंच लागते का, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.


ठोकताळा:

घरच्या सर्व्हरचा प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. त्यामुळे पहिला आकडा बघायचा तो रिकाम्या अवस्थेतल्या वीजखर्चाचा, आणि नेमका तोच खोक्यावर छापलेला नसतो. खोक्यावर असतो टीडीपी. त्याचा संबंध भार असतानाच्या उष्णतेशी आणि कूलरच्या निवडीशी. आय५-१२४००चा टीडीपी ६५ वॅट, टर्बोची मर्यादा ११७ वॅट. पण काम नसताना चांगल्या बोर्डावर अख्खी मशीन डिस्कशिवाय १५ ते २५ वॅटमध्ये बसते. ई५ व्ही४चा एक सॉकेटवाला सर्व्हर बोर्ड काहीही न करता साधारण ५० ते ७० वॅट घेतो, दोन सॉकेट असतील तर त्याहून बरंच जास्त.

हिशोब सोपा आहे. चोवीस तास १० वॅट जास्त म्हणजे वर्षाला ८७.६ युनिट. ४० वॅटचा फरक असेल तर ३५० युनिट. आपापल्या वीजदराने गुणा आणि मग वापरलेल्या झिऑनची किंमत परत बघा.

त्यात चार डिस्क फिरत्या ठेवल्या की त्यांचे १६ ते २४ वॅट वेगळे. ते कुठल्याही प्रोसेसरने कमी होत नाहीत.

टी अक्षरवाले प्रोसेसर (१२४००टी वगैरे) घेऊन वीज वाचते हा गैरसमज आहे. टी म्हणजे वरची मर्यादा खाली आणलेली. रिकाम्या अवस्थेत १२४०० आणि १२४००टी सारखेच. वरची मर्यादा हवीच असेल तर साध्या १२४००ला बायॉसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (दीर्घ आणि थोड्या वेळासाठीच्या वीजमर्यादा) कमी करून तेच साधतं. उलट काही बोर्ड इंटेलची मर्यादा मुळीच पाळत नाहीत, तेव्हा हे दोन आकडे एकदा डोळ्यांखालून घालाच.


दगडफूल:

झिऑनची बाजू मांडायला कोणीतरी हवंच, म्हणून लिहितो.

वापरलेल्या ई५ व्ही४ला ४० पीसीआयई लेन (कार्डं जोडण्याच्या वाहिन्या), चार चॅनेल मेमरी आणि रजिस्टर्ड ईसीसी डीडीआर४ मिळते. ही रजिस्टर्ड रॅम डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही, म्हणूनच वापरलेल्या बाजारात ती कमी भावात सुटते. १२८ किंवा २५६ जीबी रॅम लावायची असेल, एचबीए कार्ड (जादा डिस्क जोडायचं), १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड एकाच खोक्यात कोंबायचं असेल, तर डेस्कटॉप प्लॅटफॉर्मवर लेन पुरत नाहीत. शिवाय आयपीएमआय (नेटवर्कवरून मशीन हाताळायची सोय) मिळतं. मशीन अडकली तर मॉनिटर-कीबोर्ड घेऊन कोपऱ्यात जाऊन बसावं लागत नाही.

पण धागाकर्त्याच्या यादीत यातलं काहीच नाही. जेलीफिनच्या ट्रान्सकोडसाठी ई५मध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावावं लागेल. आणि २०१६ सालचा ब्रॉडवेल एका थ्रेडच्या वेगात १२४००च्या आसपासही नाही. ओपीएनसेन्सवर पीपीपीओईचं (युजरनेम-पासवर्डने जोडणारं) कनेक्शन असेल तर तो सगळा भार बहुधा एकाच कोअरवर पडतो, तिथे १४ कोअर नुसते बघत बसतात.

तेव्हा झिऑन वाईट नाही, या कामाला चुकीचा आहे.


रात्रपाळी:

दगडफूल यांच्याशी सहमत. एक भर: ई५ व्ही४ मेल्टडाउन आणि एल१टीएफ या दोन्ही सुरक्षा त्रुटींच्या कक्षेत येतो (दोन्ही २०१८च्या). एल१टीएफ हायपरव्हायजरवाल्यांना जास्त झोंबते. पाहुण्या व्हीएमवर भरवसा नसेल तर हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) बंद करा असा सल्ला आहे, म्हणजे २८चे १४ झाले. घरी सगळ्या व्हीएम आपल्याच असतात म्हणून लोक चालू ठेवतात, ते समजण्यासारखं आहे. पण दुसऱ्यांना व्हीएम देणार असाल तर हिशोब बदलतो. या दोन त्रुटी एएमडीला लागू नाहीत. झेन मालिकेच्या वेगळ्या त्रुटी आहेतच: झेन २ला झेनब्लीड, झेन ३ आणि ४ला इन्सेप्शन. त्यामुळे बायॉस अद्ययावत ठेवणं कोणालाच चुकलेलं नाही.


कुलूपकिल्ली:

एन१००बद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

चार ई-कोअर (कमी वीज खाणारे छोटे कोअर), हायपरथ्रेडिंग नाही, ६ वॅट टीडीपी. व्हीटी-एक्स (व्हीएम चालवायला) आणि व्हीटी-डी (व्हीएमला उपकरण थेट द्यायला) दोन्ही आहेत. क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतराची अंगभूत सोय) आहे, एव्ही१ डीकोडसुद्धा करतो. होम असिस्टंट, जेलीफिन आणि फायरवॉल एवढंच असेल तर याच्यापुढे जायची गरज नाही.

अडतं ते इथे:

मेमरीचं एकच चॅनेल. इंटेलच्या कागदावर कमाल १६ जीबी. ३२ जीबीची स्टिक बऱ्याच बोर्डांवर चालते, पण तशी हमी इंटेल देत नाही. ६४ जीबी हवी म्हणणाऱ्याचा विषय इथेच संपला.

पीसीआयई ३.०च्या फक्त ९ लेन. चार २.५ गिगाबिट पोर्टवाल्या बोर्डावर त्यातल्या चार नेटवर्कलाच गेल्या. मग एनव्हीएमईला कुठे दोन, कुठे एकच लेन मिळते. सहा साटा पोर्ट दिसतात त्यातले बरेचसे जेएमबी५८५ सारख्या चिपवरून काढलेले असतात, आणि ती चिप असली की प्रोसेसर खोल झोपेत जातच नाही. म्हणजे ज्या कारणासाठी एन१०० घेतला त्याच कारणावर पाणी.

शेवटचा मुद्दा सगळ्याच मशीनना लागू आहे. पॅकेज सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेची पातळी, कुठवर जाते ते पॉवरटॉप या साधनात दिसतं. पीसी२ किंवा पीसी३वर अडकली असेल तर प्रोसेसरला दोष देण्याआधी कार्डं एकेक करून काढून बघा. एएसपीएम (पीसीआयईची वीजबचत) बंद असलेलं एकच नेटवर्क कार्ड किंवा जुनं एचबीए अख्ख्या पॅकेजला जागं ठेवतं. साटा पोर्ट वाढवायचेच असतील तर एएसएम११६६ चिपचं कार्ड या बाबतीत बरं. जुन्या एलएसआय एचबीएचे स्वतःचे ८-१० वॅट असतात, वर सी-स्टेट अडवतात ते वेगळंच.

अवांतर: पॉवर सप्लायही बघा. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचं नेहमीचं मोजमाप २० टक्के भारापासून सुरू होतं. ७५० वॅटच्या सप्लायवर २० वॅटची मशीन म्हणजे तीन टक्क्यांच्याही खाली, आणि तिथे त्याची कार्यक्षमता काय आहे हे त्या पट्टीवरून कळतच नाही.


निवांतनोड:

एन१०० आणि झिऑन दोन्ही बाद. धन्यवाद! आता उरले १२४००/१३५०० आणि रायझन. व्हीएमना मिळून साधारण २० व्हीसीपीयू द्यावे लागतील असं दिसतंय. ६ कोअरला ते झेपेल?


ठोकताळा:

झेपेल. पण आधी २० हा आकडा कसा आला ते बघू.

व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेला आभासी कोअर) म्हणजे यजमानाच्या, म्हणजे खऱ्या मशीनच्या, दृष्टीने एक थ्रेड. पाहुणी व्हीएम रिकामी असेल तर तो थ्रेड झोपलेला असतो आणि काहीही खात नाही. म्हणून घरगुती, हलक्या भाराला एका खऱ्या कोअरमागे ४ व्हीसीपीयू आरामात चालतात. ६ कोअरवर २४ झाले. हे मोजताना हायपरथ्रेड धरू नका. दुसऱ्या थ्रेडमुळे मिळणारी वाढ कामाप्रमाणे २०-३० टक्क्यांच्या आसपास असते, दुप्पट कधीच नाही.

रॅमचं तसं नाही. ती वाटून झाली की झाली. बलूनिंग आणि केएसएम (व्हीएममध्ये रॅम वाटून वाचवायच्या युक्त्या) आहेत, पण त्यांच्या भरवशावर आखणी करू नये. झेडएफएसचा एआरसी (वाचनाची कॅश) हाही त्याच रॅममधून जातो. लिनक्सवर त्याची मूळ मर्यादा बराच काळ अर्धी रॅम एवढी होती, प्रॉक्समॉक्स ८.१पासून नव्या इन्स्टॉलवर १० टक्के, कमाल १६ जीबी. जुन्या आवृत्तीवरून चढत आला असाल तर अर्धी रॅम कुठे गेली हा प्रश्न हमखास पडतो.

आता नेहमीची चूक. व्हीएम मंद वाटली की लोक तिला ४चे ८ व्हीसीपीयू करतात. होम असिस्टंटला २ पुरतात, ओपीएनसेन्सला २ ते ४. गरजेपेक्षा जास्त दिले तर यजमानाच्या शेड्युलरला उगाच जास्त थ्रेड जुळवत बसावे लागतात आणि शेजारच्या व्हीएमही अडखळतात. प्रोसेसर खरंच कमी पडतोय का ते असं बघा:

लिनक्स पाहुण्यात टॉप चालवा आणि एसटी म्हणजे स्टील हा रकाना बघा. सतत ५ टक्क्यांच्या वर असेल तर यजमानाकडे कोअर कमी पडताहेत.

ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायजरवर हेच सीपीयू रेडी म्हणून दिसतं. २० सेकंदांच्या नमुन्यात एका व्हीसीपीयूमागे १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के.

स्टील शून्य आहे आणि तरी सगळं रखडतंय, तर प्रॉक्समॉक्सच्या आलेखात आयओ डिले (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) बघा. तो २०-३० टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर निर्दोष आहे. साध्या एसएसडीवर झेडएफएस आणि त्यावर डेटाबेसवाल्या व्हीएम, की हे चित्र ठरलेलं. सिंक राइट प्रत्येक वेळी खऱ्या फ्लॅशपर्यंत जाईस्तोवर थांबावं लागतं. वीज गेली तरी कॅशमधला डेटा सांभाळणारे कपॅसिटर असलेली एंटरप्राइझ एसएसडी वापरलेली घेतली तरी त्याच प्रोसेसरवर मशीन नवी वाटते. इथे बारा कोअरचा रायझन घेऊन काडीचा फरक पडत नाही.


तिरकस:

ठोकताळा यांनी शेवटी जे लिहिलंय ते धाग्याच्या वर चिकटवून ठेवा. अर्धे ‘कोणता प्रोसेसर घेऊ’वाले धागे मुळात ‘कोणती एसएसडी घेऊ’चे असतात.


यंत्रवत:

१३५००बद्दल सावधगिरीचे दोन शब्द. ६ पी-कोअर (मोठे, वेगवान) आणि ८ ई-कोअर, एकूण २० थ्रेड. आकडा मोठा आहे, पण पाहुण्या व्हीएमला यातलं काहीच दिसत नाही. तिला सगळे व्हीसीपीयू सारखेच वाटतात. प्रत्यक्षात यजमानाचं कर्नल तिचा थ्रेड आत्ता पी-कोअरवर ठेवेल, थोड्या वेळाने ई-कोअरवर. विलंब न चालणारं काम असेल, उदाहरणार्थ फायरवॉल किंवा ध्वनी-चित्राचं थेट प्रक्षेपण, तर वेग कमी-जास्त होताना जाणवतो.

उपाय: प्रॉक्समॉक्स ७.३पासून व्हीएमच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये कोणते थ्रेड वापरायचे ते ठरवणारी अ‍ॅफिनिटीची जागा आहे. १३५००वर सहसा ०-११ हे पी-कोअरचे थ्रेड आणि १२-१९ हे ई-कोअर. एलएससीपीयू विस्तारित रूपात चालवून कमाल वेगाचा रकाना बघितला की खात्री होते. विंडोज आणि ओपीएनसेन्सला ०-११ द्या, क्युबरनेटिसच्या व्हीएमना १२-१९. एवढं करायची तयारी असेल तर १३५०० उत्तम आहे, ई-कोअरवर पार्श्वभूमीची कामं स्वस्तात होतात. तयारी नसेल तर १२४००: सहाच्या सहा पी-कोअर, डोक्याला ताप नाही.

ईएसएक्सआय वापरणार असाल तर मिश्र कोअरवर इन्स्टॉलर थेट जांभळा (घातक त्रुटीचा) पडदा दाखवतो. कोअर एकसारखे आहेत का ही तपासणी बूटच्या वेळी पर्याय देऊन बंद करावी लागते, आणि तो पर्याय कायमचा सेव्ह करायला विसरलात तर पुढच्या बूटला पुन्हा जांभळा. सोपा मार्ग म्हणजे बायॉसमधून ई-कोअरच बंद करणं. मग १३५०० घेण्यात अर्थ काय, असा प्रश्न उरतो.

१३व्या-१४व्या पिढीतले वरचे डेस्कटॉप प्रोसेसर घेणाऱ्यांनी २०२४चं जास्त व्होल्टेजने प्रोसेसर खराब होण्याचं प्रकरण लक्षात ठेवा. दुरुस्तीचा मायक्रोकोड असलेला बायॉस आधी चढवा, मगच भार टाका. एकदा खराब झालेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही.


कुलूपकिल्ली:

आता रायझन.

५७००एक्समध्ये ग्राफिक्सच नाही. मॉनिटरशिवायची (हेडलेस) मशीन म्हणून चालेल, पण बूट अडकली तर पडद्यावर काय आलंय ते बघायला कार्ड लावावं लागतं. जेलीफिनलाही ते लागणारच.

५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर असल्यामुळे रिकाम्या अवस्थेत तो चिपलेटवाल्या (अनेक तुकडे जोडून केलेल्या) ५६००-५७००एक्सपेक्षा कमी वीज घेतो. चिपलेटवाल्यांत वेगळा आयओ डाय सतत जागा असतो. पण ५६००जीची एल३ कॅश १६ एमबी, ५६००ची ३२. आणि पीसीआयई ३.०च. साध्या ५६००जीवर ईसीसी चालत नाही. ईसीसी हवी तर प्रो ५६५०जी शोधावा लागतो.

व्हीएमला उपकरण थेट द्यायचं असेल तर आयओएमएमयूचे गट हा खरा प्रश्न असतो. एका गटातली सगळी उपकरणं एकाच व्हीएमला जातात किंवा कुणालाच नाही. बी५५० बोर्डावर प्रोसेसरमधून निघालेला मुख्य स्लॉट आणि पहिला एम.२ सहसा स्वतंत्र गटात असतात. चिपसेटमागचं सगळं, म्हणजे साटा, नेटवर्क, यूएसबी, दुसरा एम.२, एकाच गटात गोळा झालेलं दिसतं. तिथे साटा कंट्रोलर व्हीएमला दिलात की यजमानाचं नेटवर्कही त्याच्यासोबत गेलं. वेब पान बंद, एसएसएच बंद, मॉनिटर शोधा. एक्स५७०वर विभागणी बरी मिळते. एसीएस ओव्हरराइडचा पर्याय गट फोडून दाखवतो खरा, पण ते कागदावरचं विभाजन आहे. उपकरणं आतून एकमेकांशी बोलू शकतात ती शकतातच.

इंटेलच्या चिपसेटवर साटा कंट्रोलर बहुतेक वेळा स्वतंत्र गटात मिळतो. धागाकर्त्याला चार डिस्क एखाद्या नॅस (नेटवर्कवरची साठवण) व्हीएमला द्यायच्या असतील तर याचा उपयोग होईल. मात्र अख्खा कंट्रोलर द्या, डिस्क एकेक करून देऊ नका, नाहीतर व्हीएमला स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहिती मिळत नाही. माझं मत विचाराल तर नॅसची व्हीएम नकोच. झेडएफएस यजमानावर ठेवा आणि एका एलएक्ससी कंटेनरमधून (यजमानाचंच कर्नल वापरणारी हलकी व्यवस्था) सांबा, म्हणजे फाइल शेअरिंग, द्या. एक थर कमी.


रात्रपाळी:

जेलीफिनसाठीही एलएक्ससीच बरा. अंगभूत ग्राफिक्स अख्खं एका व्हीएमला दिलं की यजमानाचा पडदा जातो आणि दुसऱ्या कुणाला ते वापरता येत नाही. कंटेनरला डीआरआय फोल्डरमधलं रेंडर उपकरण नुसतं दाखवायचं असतं, ते कितीही कंटेनर वाटून घेतात. अडखळायला होतं ते एकाच ठिकाणी: कंटेनरमधल्या रेंडर ग्रुपचा क्रमांक यजमानाशी जुळत नाही आणि जेलीफिन परवानगी नाही म्हणून गुपचूप सॉफ्टवेअरवर ट्रान्सकोड करायला लागतं. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला की ओळखायचं.

आणि हो, १२४००एफ घेऊ नका. एफ म्हणजे ग्राफिक्स नाही.


निवांतनोड:

म्हणजे इंटेल. ईसीसीचं काय? डीडीआर५मध्ये ती आतच असते असं वाचलं.


यंत्रवत:

डीडीआर५मध्ये असते ती चिपच्या आतली दुरुस्ती. दाट चिप बनवताना येणारे दोष झाकायला ती आहे. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही, आणि काही दुरुस्त केलं तर ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतही नाही. खरी ईसीसी म्हणजे स्टिकवर जादा चिप, आणि प्रोसेसर, बोर्ड, बायॉस तिघांचा पाठिंबा.

इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीत त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो, आणि प्रोसेसरही तसा. १२५०० आणि १३५०० चालतात, १२४०० चालत नाही. जुन्यात आय३-८१०० आणि ९१०० सी२४६ बोर्डावर ईसीसी घेतात, छोट्या नॅसला अजूनही छान.

चालू आहे का याची खात्री: डीएमआयडीकोड या आज्ञेत मेमरीची एकूण रुंदी ७२ बिट आणि डेटाची ६४ दिसली पाहिजे. दोन्ही ६४ दिसल्या तर स्टिक ईसीसी असूनही उपयोग शून्य. शिवाय बूट संदेशांत ईडॅकचा (मेमरीच्या चुका नोंदवणारा) ड्रायव्हर चढल्याची ओळ शोधा.

‘झेडएफएसला ईसीसी नसेल तर डेटा जातो’ हे अतिरंजित आहे. रॅममध्ये बिट उलटला तर कुठलीही फाइल सिस्टिम चुकीचाच डेटा लिहील, झेडएफएस त्यात जास्त धोकादायक नाही. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही असा डेटा या मशीनवर असेल तर ईसीसी घ्या. पण मग आधी दुसरी प्रत का नाही, ते बघा.


दगडफूल:

ईसीसी आणि भरपूर लेनच्या मोहात कोणी एएमडीचा वापरलेला सर्व्हर प्रोसेसर एपिक ७००२ किंवा ७००३ शोधत असेल तर एक धोका: काही ब्रँडेड सर्व्हरमधून निघालेले एपिक त्या कंपनीच्या बोर्डाला कायमचे बांधलेले असतात. पहिल्या बूटलाच प्रोसेसरमधले फ्यूज जाळले जातात, नंतर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर तो उठतच नाही. यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. विक्रेत्याकडून ‘बंधनमुक्त’ असं लेखी घ्या आणि परत करण्याची मुदत विचारा. काही थ्रेडरिपर प्रो आणि रायझन प्रोमध्येही हा प्रकार आढळतो.


रात्रपाळी:

प्रोसेसर कुठलाही घ्या, व्हीएमला त्याचा कोणता चेहरा दाखवता यावर बरंच अवलंबून आहे. यावर लोक फार वेळ घालवतात म्हणून सविस्तर.

प्रॉक्समॉक्स ८पासून नव्या व्हीएमचा मूळ प्रोसेसर प्रकार एक्स८६-६४-व्ही२-एईएस आहे. यात एव्हीएक्स (प्रोसेसरचा एक सूचनासंच) नाही. यजमान १२४०० असला तरी व्हीएमला एव्हीएक्स दिसत नाही. परिणाम:

मोंगोडीबी या डेटाबेसच्या ५.० आणि पुढच्या आवृत्त्यांना एव्हीएक्स लागतं. डॉकरमध्ये टाकलात तर कंटेनर दर काही सेकंदांनी मरतो आणि बाहेर पडण्याचा कोड १३२ येतो. १३२ म्हणजे १२८ अधिक ४, चार नंबरचा सिग्नल, ‘अवैध सूचना’. लॉगमध्ये बहुधा काहीच नसतं, त्यामुळे माणूस व्हॉल्यूमच्या परवानग्या तपासत बसतो.

रेड हॅट १० आणि त्याच्या घराण्याला व्ही३ पातळी लागते, म्हणजे एव्हीएक्स२सकट. व्ही२वर इन्स्टॉलर सुरुवातीलाच जीलिबसीची घातक त्रुटी दाखवून कर्नल पॅनिकमध्ये जातो. (अल्मा १०ची व्ही२साठी वेगळी बांधणी आहे.)

उपाय म्हणजे प्रकार बदलून होस्ट करणं किंवा व्ही३ निवडणं, आणि व्हीएम पूर्ण बंद करून चालू करणं. आतून रीबूट केल्याने बदल लागू होत नाही.

मग सगळीकडे होस्टच का नको? दोन कारणं. एक, वेगळ्या पिढीच्या दुसऱ्या नोडवर चालती व्हीएम हलवता येत नाही. दोन, विंडोज. होस्ट दिलं की विंडोज ११ला आत व्हर्च्युअलायझेशनची सोय दिसते, ते स्वतःचं व्हीबीएस (व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेली सुरक्षा) सुरू करतं, म्हणजे हायपरव्हायजरच्या आत हायपरव्हायजर. मेनू उघडायलाही वेळ लागतो आणि लोक म्हणतात प्रोसेसर कमी पडला. विंडोजला व्ही२ किंवा व्ही३ द्या, लिनक्सला होस्ट. आत नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन हवं असलेल्या व्हीएमला मात्र सहसा होस्ट लागतं.

जुना सेलेरॉन जे४१२५ घेणाऱ्यांसाठी: त्याच्यात मुळातच एव्हीएक्स नाही. तिथे होस्ट करूनही मोंगो चालणार नाही.


चकलीवाला:

वाखूसा (वाचनखूण साठवली). एव्हीएक्सची माहिती आत्ताच उपयोगी पडली, कोड १३२च होता.


निवांतनोड:

माझ्यापुरतं ठरलं: आय५-१२४००, डीडीआर४चा बी६६० बोर्ड, ३२ जीबीच्या दोन स्टिक आणि दोन स्लॉट मोकळे. डिस्क चारही बोर्डाच्या साटावर, यजमान एनव्हीएमईवर. ईसीसी नाही, त्याऐवजी बॅकअपची वेगळी डिस्क. काही राहतंय का?


कुलूपकिल्ली:

दोन गोष्टी तपासा. बी६६०ला साटा सहसा चारच, आणि काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२मध्ये साटा एसएसडी लावली की एक साटा पोर्ट बंद होतो. मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत असतं. आणि बी६६०वर मुख्य १६ लेनचा स्लॉट ८-८ असा फोडता येत नाही. एका कार्डावर दोन एनव्हीएमई लावायचा बेत असेल तर एकच दिसेल. तशी गरज असेल तर वरचा चिपसेट घ्या.

रॅम दोनच स्टिकमध्ये घेताय ते चांगलं. डीडीआर५ घेणाऱ्यांना तर हे जास्तच लागू: रायझन ७०००ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२००, चारवर थेट ३६००. आणि पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगमध्ये काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. बोर्ड मेला समजून वीज काढू नका.


ठोकताळा:

जोडणी झाल्यावर या क्रमाने जा.

बायॉस अद्ययावत करा. अद्ययावत केल्यावर सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून बाकी सगळं त्यानंतर. व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी चालू करा. रायझनवाल्यांसाठी एसव्हीएम आणि आयओएमएमयू. एसव्हीएम बऱ्याच बोर्डांवर बंदच येतं, आणि मग व्हीएम सुरू करताना केव्हीएम उपलब्ध नाही अशी तक्रार येते. सी-स्टेट ऑटोवर असतात तिथे स्पष्टपणे चालू करा आणि पॅकेज मर्यादा सर्वात खोल ठेवा. एएसपीएम चालू. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही इथेच.

एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) लावू नका, किंवा लावलात तर मेमटेस्ट रात्रभर चालवा. ईसीसी नसताना ओव्हरक्लॉक केलेली रॅम आणि झेडएफएस ही जोडी मला पटत नाही.

इन्स्टॉलनंतर बूट संदेशांत डीएमएआर शोधा, आयओएमएमयू चालू झाल्याचं तिथे कळतं. प्रॉक्समॉक्सच्या ६.८ आणि पुढच्या कर्नलवर इंटेलसाठी ते आपोआप चालू असतं, जुन्यावर कर्नलच्या ओळीत हाताने लिहावं लागतं. झेडएफएसवरून यूईएफआयने बूट होत असेल तर ती ओळ बहुधा ग्रब बूटलोडरमध्ये नसते, सिस्टिमडी-बूटच्या फाइलमध्ये असते. ग्रबची फाइल बदलून काहीच झालं नाही म्हणून लोक प्रोसेसरवर संशय घेतात, ते इथे.


निवांतनोड:

छान. शेवटचं: घरात रायझनचा एक जुना डेस्कटॉप आहे. तो दुसरा नोड म्हणून जोडला तर व्हीएम इकडून तिकडे हलवता येतील?


यंत्रवत:

बंद करून, हो. चालत्या स्थितीत इंटेलवरून एएमडीवर, नाही. कधी हललेली दिसते आणि काही मिनिटांनी आतलं कर्नल कोसळतं, म्हणून प्रयोगापुरतंही महत्त्वाच्या व्हीएमवर करू नका.

दोनच नोडचा क्लस्टर केलात तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही आणि त्यावर नवी व्हीएम सुरू होत नाही. तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस लावा, रास्पबेरी पाय पुरतो. नाहीतर क्लस्टर न करता दोन्ही वेगळे ठेवा आणि जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाका. तो रायझन १०००चा असेल तर बायॉसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल हे ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवा. ती पिढी रिकाम्या अवस्थेतच गोठते, आणि लॉगमध्ये एक ओळही सापडत नाही.